राजर्षी शाहू छत्रपती : गरिबाच्या धंद्याला पाठबळ देणारा राजा

राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर कोल्हापुरातील वसतिगृहे उभी राहतात, राखीव जागांचा १९०२ चा हुकूम आठवतो, माणगावची परिषद आठवते. ते योग्यच आहे. निवासी शाळेत शिकणाऱ्या आणि शिकविणाऱ्या प्रत्येकाने त्या परंपरेचे ऋण मानलेच पाहिजे. गरीब मुलाला शिकवायचे तर त्याला आधी निवारा आणि दोन वेळचे अन्न दिले पाहिजे, ही गोष्ट महाराजांनी राजसत्तेच्या बळावर सिद्ध करून दाखविली. परंतु महाराजांच्या कार्याचा आणखी एक भाग आहे आणि त्याची चर्चा जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत फारशी होत नाही. साध्या माणसाने स्वतःचा धंदा काढावा, तो टिकावा आणि वाढावा, यासाठी त्यांनी आपल्या संस्थानात जी व्यवस्था उभी केली, तिची ओळख आम्ही या लेखात करून देत आहोत. आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला नोकरी मिळेलच असे नाही. म्हणून ही ओळख आम्हाला विशेष अगत्याची वाटते.

जन्म, दत्तक विधान आणि राज्यारोहण

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे त्यांचे वडील आणि राधाबाई या त्यांच्या मातोश्री. आईचे छत्र फार लहानपणीच हरपले. कोल्हापूरच्या गादीवर बसलेल्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या अकाली निधनानंतर राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी या नऊ वर्षांच्या मुलास दत्तक घेतले आणि यशवंतरावांचे शाहू छत्रपती झाले. दोनच वर्षांनी वडीलही गेले. पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाड येथे फ्रेझर या गुरूंच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली.

त्या वेळचे कोल्हापूर संस्थान शेतीवर जगणारे होते. राज्यकारभारातील ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागा एकाच जातीकडे होत्या. व्यापार पेठांतील मोजक्या घराण्यांच्या हाती होता. कारागीर आपल्या जातीच्या धंद्याला बांधलेले होते आणि अस्पृश्य समाज गावच्या वेठीला. गादीवर आल्यानंतर थोड्याच काळात दुष्काळ आला, त्यामागोमाग प्लेग आला. महाराज घोड्यावरून दऱ्याखोऱ्यांत हिंडले. त्यांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, तगाई वाटली, दुष्काळी कामे काढली आणि त्या कामांवर येणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांना सांभाळण्याची सोय केली. रयत उपाशी का राहते, याचा प्रत्यक्ष धडा त्यांना या काळात मिळाला. पाऊस पडला नाही म्हणून ती उपाशी राहतेच. पण शेतीशिवाय दुसरा आधार नाही म्हणूनही ती उपाशी राहते, हे त्यांच्या ध्यानी आले असले पाहिजे. त्यांच्या पुढच्या पंचवीस वर्षांच्या कामाकडे पाहिले की आम्हाला तरी असेच वाटते.

पेठ वसविणे

धंद्याला पहिल्याने जागा लागते. शेतकऱ्याने गुळाची ढेप तयार केली, पण ती विकायला योग्य पेठ नसेल तर भाव ठरविणारा दलालच मालक होतो. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला होता. त्याचा लाभ घेऊन महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात स्टेशनजवळ शाहूपुरी ही नवी व्यापारी पेठ वसविली. व्यापाऱ्यांना जागा दिल्या, सवलती दिल्या, बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना येण्याचे उत्तेजन दिले. काही वर्षांतच शाहूपुरी ही गुळाची मोठी बाजारपेठ झाली आणि कोल्हापुरी गुळाचे नाव संस्थानच्या सीमा ओलांडून दूरवर पोहोचले. एका पेठेमागे किती लहान माणसांची पोटे उभी राहतात, याचा विचार केला पाहिजे. गुऱ्हाळातला गुळव्या, गाडीवान, हमाल, तोलार, ढेपेला बारदान पुरविणारा, पेठेत चहा-फराळ विकणारा, असे कितीतरी उद्योग तिच्या आश्रयाने चालतात.

पुढे १९१७ च्या सुमारास महाराजांनी शिरोळ भागात लोहमार्गालगत आणखी एक गाव वसविले आणि त्याला आपल्या जनक पित्याच्या स्मरणार्थ जयसिंगपूर असे नाव दिले. तेथे सरळ आखीव रस्ते आणि क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या केल्या. गाव आपोआप वाढते आणि मग त्यात बाजार भरतो, हा नेहमीचा क्रम. येथे बाजारासाठीच गाव आखले गेले. आज जयसिंगपूर हे भरभराटीचे शहर आहे, ही गोष्ट त्या आखणीचे यश सांगण्यास पुरेशी आहे.

पेठेला माल हवा आणि मालाला पाणी हवे. म्हणून भोगावती नदीवर राधानगरी येथे मोठे धरण बांधण्याचे काम महाराजांनी हाती घेतले. पैशाच्या टंचाईमुळे ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. परंतु पुढे पूर्ण झालेल्या याच धरणाने कोल्हापूरच्या ऊसशेतीला बारमाही आधार दिला. शेत, पाणी, गुऱ्हाळ, पेठ आणि रेल्वे ही एकच साखळी आहे आणि तिचा एखादा दुवा तुटला तर गरिबाचा धंदा बुडतो, हे जाणून त्यांनी एकेक दुवा जोडीत नेला.

कौशल्य आणि भांडवल

२७ सप्टेंबर १९०६ रोजी कोल्हापुरात शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलची कोनशिला बसविण्यात आली. या गिरणीने पुढे कित्येक पिढ्यांना रोजगार दिला. आज तिचा भोंगा थांबलेला आहे. तरी कापसाचे सूत आणि सुताचे कापड आपल्याच मुलखात झाले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी विसरण्यासारखी नाही. पन्हाळ्यावर चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोगही महाराजांनी केले.

हातातले कसब शिकविण्यासाठी संस्थानात राजाराम इंडस्ट्रियल स्कूल होते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात जी वसतिगृहे निघाली, त्यांत १९०१ चे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग होते, जैन, लिंगायत आणि मुसलमान विद्यार्थ्यांची बोर्डिंगे होती, तशीच शिंपी समाजाचे नामदेव बोर्डिंग आणि सोनारांचे दैवज्ञ बोर्डिंगही होते. कारागिराच्या मुलाने शिकावे. शिकून त्याने कारकून व्हावे किंवा वडिलांच्या दुकानात बसून हिशेब नीट ठेवावा. दोन्हींत त्याचा आणि समाजाचा लाभ आहे. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये निघालेले मिस क्लार्क बोर्डिंग तर आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे. आपल्या निवासी शाळांच्या वंशावळीत त्याचे स्थान फार वरचे आहे. १९१७ मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. ज्याला पावती वाचता येत नाही, तो दुकानदार फार काळ दुकानदार राहत नाही. म्हणून धंद्याच्या दृष्टीनेही हा हुकूम मोलाचा होता.

भांडवलाचा प्रश्न यापेक्षा अवघड होता. लहान धंदेवाईक सावकाराच्या दारी गेला की व्याजात अडकतो. यावर महाराजांनी सहकाराचा मार्ग धरला. संस्थानात सहकारी संस्थांचा कायदा करून त्यांनी पतपेढ्यांना उत्तेजन दिले. थोडीथोडी शिल्लक एकत्र करावी आणि तीतून एकमेकांना रास्त व्याजाने कर्ज द्यावे, ही ती साधी पद्धत. कोल्हापूर जिल्ह्याने पुढे सहकारात जे नाव मिळविले, त्याची एक मुळी या काळात रुजली आहे.

आधी माणूस मोकळा केला पाहिजे

जागा, पाणी, कसब आणि भांडवल या चारही गोष्टी समोर मांडून ठेवल्या, तरी एक माणूस त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हता. तो म्हणजे महारवतनाने बांधलेला महार. वतनाची जमीन पिढ्यांच्या वाटण्यांत तुकड्या-तुकड्यांनी विभागलेली आणि त्या तुकड्याच्या मोबदल्यात सारे कुटुंब अष्टौप्रहर गावच्या व सरकारच्या कामाला जुंपलेले. केव्हा बोलावणे येईल याचा नेम नाही. अशा माणसाने दुकान उघडायचे कधी आणि बाजाराला जायचे कधी? ज्याचा दिवस त्याच्या मालकीचा नाही, त्याला कर्ज देऊन काही उपयोग होत नाही.

१९१८ मध्ये महाराजांनी महारवतने रद्द केली आणि त्या जमिनी महारांच्या नावे रयताव्याने करून दिल्या. वेठबिगार बंद केली. त्याच वर्षी तथाकथित गुन्हेगार जमातींवरील हजेरीची पद्धत बंद केली. रोज पाटलाच्या चावडीवर हजेरी द्यावी लागणाऱ्या माणसाला परगावी रोजगार शोधता येत नव्हता, मग धंद्याचे नावच काढायला नको. फासेपारध्यांना त्यांनी आपल्या नोकरीत घेतले, घरे दिली, विश्वासाच्या कामांवर नेमले. १९१९ मध्ये शाळा, दवाखाने, पाणवठे, धर्मशाळा अशा सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले आणि अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर बसविले. हे हुकूम सामाजिक म्हणून प्रसिद्ध आहेत. आम्हाला ते तितकेच आर्थिक वाटतात.

गंगारामांचे हॉटेल

आता ज्या प्रसंगासाठी हा सारा लेख लिहावासा वाटला, त्याकडे वळू. तो बहुतेक वाचकांनी ऐकलेला असेल. परंतु त्याच्याकडे धंद्याच्या बाजूने क्वचितच पाहिले जाते.

गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत नोकरीस होते. मराठा नोकरांसाठी राखून ठेवलेल्या हौदातील पाणी त्यांनी घेतले, या कारणावरून पागेतील काही जणांनी त्यांना बेदम मारहाण केली. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. ते परत आल्यावर गंगारामांनी सोनतळी कॅम्पावर जाऊन आपली कैफियत मांडली. महाराजांनी अपराध्यांना कडक शासन केले. एखाद्या दयाळू राजाने येथेच थांबून गंगारामांना दुसऱ्या खात्यात नोकरी दिली असती. महाराजांनी मात्र त्यांना नोकरीच्या बाहेर पडून स्वतंत्र धंदा काढण्यास सांगितले आणि त्यासाठी साहाय्य दिले.

गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर सत्यसुधारक हॉटेल या नावाने चहा-फराळाचे दुकान उघडले. जागा भर रस्त्यावरची होती. माल चांगला होता. स्वच्छता उत्तम होती. परंतु महाराने केलेला चहा पिणार कोण? वाटसरू पुढे निघून जात आणि दुकान ओस पडे. भांडवल देणाऱ्याचे काम येथे संपले होते. कोणत्याही कचेरीच्या कागदावर गंगारामांना पूर्ण मदत मिळाली अशी नोंद झाली असती आणि तरीही हॉटेल महिन्याभरात बंद पडले असते.

महाराजांना ही गोष्ट कळली. मग फेरफटक्याला निघालेला त्यांचा खडखडा गंगारामांच्या हॉटेलासमोर थांबू लागला. भर रस्त्यात, सर्वांच्या देखत, छत्रपती गंगारामांच्या हातचा चहा मागवीत आणि पीत. बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजीत. त्यांत वरिष्ठ जातींचे लोक असत. राजाने घेतलेला चहा नाकारण्याची सोय कोणाला नव्हती. अर्जावर सही हवी असणाऱ्यांनाही महाराज तेथेच गाठण्यास सांगत आणि आधी चहा घ्यायला लावीत, असे कोल्हापुरात सांगितले जाते. हळूहळू रस्त्यावरची माणसेही आत येऊ लागली आणि हॉटेल चालू लागले. पुढे सोडावॉटरचे यंत्र घेण्यासाठीही महाराजांनी गंगारामांना मदत केली. म्हणजे धंदा सुरू करून देणे, तो टिकविणे आणि मग वाढविणे, या तिन्ही टप्प्यांवर ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

हीच रीत त्यांनी इतरत्रही वापरली. काही अस्पृश्य तरुणांना त्यांनी शिवणयंत्रे मिळवून दिली आणि दरबारचे कपडे शिवण्याचे काम त्यांना दिले. यंत्र देऊन त्यांनी आपले कर्तव्य संपले असे मानले नाही. हत्तीचे माहूत, गाडीवान म्हणून अस्पृश्यांना नेमले. वकिलीच्या सनदा दिल्या. वकिली हाही एका अर्थी स्वतंत्र व्यवसायच आहे आणि त्यालाही पक्षकाराचा विश्वास लागतो.

एकाच काळातील दुसरा अनुभव

गिऱ्हाईक नसणे म्हणजे काय, याचा अनुभव त्याच सुमारास मुंबईत आणखी एक माणूस घेत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेतून अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन परतले होते. बडोद्यातील नोकरीत झालेल्या अवहेलनेनंतर ते मुंबईस आले. शिकवण्या करून पाहिल्या. शेअर बाजारातील व्यवहारांविषयी सल्ला देण्याचा व्यवसायही त्यांनी काढून पाहिला. सल्ला उत्तम होता आणि देणाऱ्याची योग्यता तर साऱ्या मुंबईत शोधून सापडली नसती. पण सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाइकांनी पाठ फिरविली आणि तो व्यवसाय बंद करावा लागला.

गंगाराम फारसे न शिकलेले. बाबासाहेब परदेशी विद्यापीठांतून शिकलेले. धंद्याच्या दारात दोघांपुढे एकच भिंत उभी राहिली. गंगारामांसाठी ती पाडणारा माणूस भाऊसिंगजी रस्त्यावर आला, बाबासाहेबांसाठी त्या वेळी मुंबईत कोणी आला नाही. म्हणून गरिबाच्या धंद्याचा विचार करताना केवळ शिक्षण किंवा केवळ कर्ज यांवर विसंबून चालत नाही, हे या दोन अनुभवांवरून आम्ही शिकलो पाहिजे.

पुढे या दोन थोर पुरुषांची गाठ पडली. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या मूकनायक पाक्षिकाला महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे झालेल्या अस्पृश्यांच्या परिषदेत बाबासाहेब अध्यक्ष होते. तेथे येऊन महाराजांनी अस्पृश्य समाजाला त्याचा खरा पुढारी मिळाल्याबद्दल आनंद व्यक्त केला. बाबासाहेबांच्या लंडनच्या शिक्षणासाठीही त्यांनी हातभार लावला.

महाराजांच्या पश्चात

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस वर्षांचे. त्यांच्यामागे कोल्हापुरात त्यांचे स्मारक उभारण्यासाठी पुढाकार घेतला तो गंगाराम कांबळे यांनी. ज्याच्या दुकानात कोणी पाऊल टाकीत नव्हते, तो माणूस चार पैसे बाळगून राजाचे स्मारक उभारण्यास पुढे येतो, यापेक्षा त्या मदतीच्या यशाचा दुसरा पुरावा कोणता हवा?

तथापि, एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हॉटेलात जाऊन चहा पिणारा राजा ही एका व्यक्तीची थोरवी होती. राजा गेला की ती थांबते. एका रस्त्यावरचे एक हॉटेल चालले, पण संस्थानातील गावोगावच्या प्रत्येक गंगारामापर्यंत छत्रपतींचा खडखडा पोहोचणे शक्य नव्हते. महाराजांच्या मागे जे टिकले ते शाहूपुरी, जयसिंगपूर, वसतिगृहे, सहकारी संस्था, राधानगरीचे पाणी. त्यांचा आधार हुकूम, कायदा आणि संस्था यांवर होता. आज राजे नाहीत. त्यांच्या जागी जिल्हा उद्योग केंद्रे आहेत, मागासवर्गीयांसाठीची आर्थिक विकास महामंडळे आहेत, बँकांच्या कर्जयोजना आहेत, महिलांचे बचत गट आहेत. जागा, प्रशिक्षण आणि भांडवल यांची थोडीफार सोय तेथे होते. अर्ज कसा करावा, प्रकल्प अहवाल कसा लिहावा, हे सांगणारी माणसे जिल्ह्याच्या ठिकाणी भेटतात. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी या दारांवर संकोच न करता जावे.

पण छत्रपतींनी गंगारामांसाठी शेवटी जे केले, ते कोणतीही कचेरी करू शकत नाही. ते काम आता आपल्याकडे आले आहे. आपल्यातील एखाद्याने खानावळ उघडली, छपाईचे दुकान काढले, दुचाकी दुरुस्तीची टपरी टाकली, तर पहिले गिऱ्हाईक आपण व्हावे. उधारी न मागता व्हावे. माल वाईट निघाला तर दुकानदाराला एकांतात सांगावे, चांगला निघाला तर चारचौघांत सांगावे. शाळेच्या कार्यक्रमाची जेवणे, गणवेशांची शिलाई, या स्मरणिकेसारखी छपाई, ही कामे देताना आपल्या माजी विद्यार्थ्यांचे दुकान आधी पाहावे आणि रास्त दर वेळेवर चुकता करावा. आणि दुकानदार झालेल्या माजी विद्यार्थ्याने आपल्या धंद्यात एक-दोन मुलांना काम शिकवावे. भगवान बुद्धांनी सम्यक आजीविका हे मार्गाचे एक अंग मानले आहे. प्रामाणिक धंदा करणारा आणि त्याला प्रामाणिकपणे साथ देणारा, दोघेही त्याच मार्गावर असतात.

आमच्या शाळेच्या सभागृहात राजर्षींची प्रतिमा आहे. दरवर्षी २६ जूनला तिला आपण हार घालतो. यंदापासून त्या दिवशी हार, फुले आणि अल्पोपाहार आपल्याच एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या दुकानातून यावा, अशी सूचना करून आम्ही हा लेख पुरा करतो.